अबू मुतलकांचा न प्यालेला कप

अबू मुतलकांनी कॉफीचा कप हातात घेतला, पण ओठांशी नेला नाही. त्यांनी तो समोर ओसरीच्या जमिनीवर ठेवला, सतरंजीच्या काठाशी, अंडं ठेवावं तसा हळूच. आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते वाट बघत बसले.

फिद्दाच्या हातातली पितळी सुरई होती तिथेच थांबली. चोचीतला शेवटचा थेंब तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. चटका बसला, पण तिने पाय हलवला नाही.

करक शहराच्या दक्षिणेला, या वाऱ्याच्या पठारावर, खाली ठेवलेला कप म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाहुण्याचं काही मागणं आहे. यजमानाने विचारायचं, "काय हवं?" किंवा, मन तेवढं मोठं असेल तर, न विचारताच म्हणायचं, "प्या, दिलं." तोवर ती कॉफी पाहुणा पीत नाही आणि त्या घरातला घासही त्याच्या घशाखाली उतरत नाही. मागणारा आपणहून तोंड उघडत नाही. दार यजमानाचं, कडीही यजमानाच्याच हातात.

फिद्दाने कडी काढली नाही.

"आधी गाडी बघू या," ती घाईघाईने म्हणाली. "उजेड आहे तोवर."

अबू मुतलकांनी मान वर केली. "उजेड? उम्म रीम, सूर्य आत्ता कुठे कुंपणावर चढलाय."

"चढला की उतरायला किती वेळ लागतो!"

ते थोडा वेळ तिच्या आवाजाकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात दाबून उठले, पिठाच्या रिकाम्या गोणीत घालून आणलेला डायनामो उचलला आणि अंगणात उभ्या पिकअपकडे निघाले. कप तिथेच राहिला. त्यातून वेलदोड्याची वाफ निघत होती, आणि फिद्दाला ती वाफ बोट वर करून बोलावल्यासारखी वाटत होती.

अबू मुतलक, म्हणजे मुतलकचे वडील, तिचे थोरले दीर. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. तिचा नवरा औदा चार वर्षांपूर्वी गेला. मुलगा नव्हता, एकच लेक, रीम, जिच्यावरून लोक फिद्दाला उम्म रीम, रीमची आई, म्हणत; ती लग्न होऊन अम्मानला. अशा घरातली वाटणी कशी होते हे सगळ्यांना पाठ असतं: अर्धं लेकीचं, आठवा भाग बायकोचा, उरलं ते भावाचं. आणि उरलं ते थोडं नव्हतं. तीन खोल्यांचं हे घर, अंगणाखालचं पाण्याचं टाकं, मागचा बारा ऑलिव्हच्या झाडांचा तुकडा. तीन खोल्यांत भिंत घालणार कुठून? हिस्सा मागितला तर घर विकावंच लागेल, आणि मग अम्मानला लेकीच्या चौथ्या मजल्यावर, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत बसून दिवस मोजावे लागतील.

अबू मुतलकांनी चार वर्षांत एकदाही विषय काढला नव्हता. त्यामुळेच तर फिद्दा धास्तावलेली असायची. काढला असता तर होय किंवा नाही झालं असतं. न काढलेला विषय छपराच्या तुळईत बसलेल्या पालीसारखा. दिसत नाही, पण चुकचुकत राहतो. लग्नकार्यात ते पुरुषांच्या बाजूला दिसले की ही बायकांच्या तंबूत आणखी आत सरकायची.

आणि आज ते स्वतः दारात आले होते. तिची गाडी दुरुस्त करायला. आणि कपही त्यांनी खाली ठेवला होता. हातात पाना आणि मनात हिस्सा? तिला हे जुळवताच येईना. घर मागायला आलेला माणूस आधी त्या घरातली गाडी कशाला चालू करून देईल? की आधी उपकार, मग मागणं? की गाडीही हिश्श्यातच धरली आहे?

"उम्म रीम!" अंगणातून हाक आली. "बॉनेट वर धरायची काठी कुठेय?"

"आले, अबू मुतलक!"

गाडीचं दुखणं मंगळवारी सुरू झालं होतं. समोरच्या काचेखाली बॅटरीचा लाल दिवा लागला तो विझेना. बुधवारी हेडलाइट निवत्या निखाऱ्यासारखे मंद झाले. गुरुवारी करकच्या चढावर, पाठीमागे पाच घरांचं दूध डुचमळत असताना, इंजिनाने एक उचकी दिली आणि मान टाकली; गाडी ट्रॅक्टरने ओढून घरी आणावी लागली. औदा गेल्यावर फिद्दाने स्टिअरिंग हातात घेतलं तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली होती. मग हळूहळू गावानेच दुधाचे डबे तिच्या गाडीत चढवायला सुरुवात केली. वसंतात मेंढ्यांच्या कासा भरून येतात. ताक घुसळायचं, दही आटवायचं, मीठ लावून त्याचे गोळे छपरावर वाळत घालायचे आणि करकच्या बाजारात पोचवायचे. वर्षाची भाकरी या सहा आठवड्यांत. गाडी बंद म्हणजे सगळंच बंद.

"डायनामो मेलाय," अबू मुतलकांनी फोनवरच सांगितलं होतं. "इंजिन चालतं तेव्हा तो बॅटरीला पाजतो. आई आटली, पोर उपाशी. कशाला ओढून नेतेस शहरात? घरी बसवू. दुसरा मी आणतो. तोवर बॅटरी चार्ज करून ठेव."

आता ते बॉनेटखाली वाकले होते. वाकले होते, पण बघत नव्हते. बोटं आत सोडून आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखं चाचपत होते.

"आधी बॅटरीची काळी तार सोड," ते म्हणाले. "लाल नाही. काळी."

"काळीच आधी का?"

"काळी ही घरातली म्हातारी. ती उठून गेली की मग बाकीच्यांनी काय वाटेल ते करावं, भांडण होत नाही. परत आणायची तीही सगळ्यांत शेवटी."

फिद्दा हसली, आणि हसल्याबद्दल तिचा तिलाच राग आला. घर मागायला आलेल्या माणसाच्या विनोदाला कोणी हसतं का? तिने दहाच्या पान्याने नट सैल केला. काळी तार उचलून बाजूला ठेवली. ओसरीवर कप होता. वाफ आता दिसत नव्हती.

"डायनामोच्या मागे एक जाड तार आहे, नटाने बांधलेली. शेजारी प्लग. प्लगमध्ये तीन बारक्या तारा. त्यातली पिवळी कुठली?"

"ही काय, तुमच्या बोटाखाली."

बोट थांबलं. "ऊन डोळ्यांवर येतंय," ते म्हणाले.

ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. फिद्दाने ते पाहिलं आणि सोडून दिलं. ज्याच्या मनात मागणं घोळतंय त्याला पिवळी काय आणि हिरवी काय.

वरच्या पट्टीचा बोल्ट सुटला. डायनामो इंजिनाकडे ढकलला तसा पट्टा सैल पडला, सुटलेल्या कमरबंदासारखा. खालचा लांब बोल्ट मात्र हलेना. वर्षानुवर्षांचा गंज. अबू मुतलकांनी त्यावर डिझेल ओतलं आणि म्हणाले, "आता याला विचार करू दे."

नेमकी त्याच वेळी कुंपणावरून शेजारणीची मान वर आली. हम्दाची मान नेहमीच नेमक्या वेळी वर येते.

"फिद्दा, थोडं मीठ दे गं." आणि मग, डोळे ओसरीकडे वळवून, "हा कप कोणाचा?"

"हळू बोल!" फिद्दा धावत कुंपणाशी गेली. "अबू मुतलकांचा."

"भरलेला?"

"भरलेला."

"खाली ठेवला?"

"खाली ठेवला."

हम्दाने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. मिठाची वाटी तिच्या दुसऱ्या हातात तशीच राहिली. "मागितलं काय?"

"मी विचारलंच नाही."

"विचारलं नाहीस? अगं बाई, पाहुण्याचा कप थंड होतोय आणि तू गाडीखाली शिरतेस? लोक काय म्हणतील? बघू. लेक मागायला माणूस कप खाली ठेवतो. तुझी लेक तर लग्न होऊन दोन पोरांची आई झाली. रक्ताचा तंटा मिटवायला ठेवतो. तुमच्यात कोणी कोणाला मारलेलं नाही. मग मागायला उरलं काय?"

फिद्दा मनात म्हणाली, उरलं घर. पण ते तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

हम्दाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उरलीस तू."

"हम्दा!"

"का? ते विधुर, तू विधवा. भावाची बायको, घरातल्या घरात. माझ्या मामेबहिणीचं असंच झालं."

"सत्तरीला टेकलेत ते!"

"मग? सत्तरीत काय कॉफी पीत नाहीत?"

फिद्दाचे कान तापले. आजवर तिला एकच भीती होती, आता दोन झाल्या. पहिलीत घर जात होतं, दुसरीत घर राहत होतं पण नवरा वाढत होता. कुठली जास्त वाईट हे तिला ठरवता येईना. तिने मागे वळून पाहिलं. अबू मुतलक बोल्टशी बोलत होते. "चल, निघ. तुझ्या बापाचं घर आहे का हे?" बोल्ट निघाला नाही; पण फिद्दाच्या छातीत काहीतरी हललं. बापाचं घर. या घराचे दगड अबू मुतलकांच्या बापाने रचलेले. ते याच घरात जन्मले होते.

"माशी!" हम्दा ओरडली. "कपावर माशी बसली!"

फिद्दा ओसरीकडे धावली आणि कपापाशी येऊन थबकली. उचलावा कसा? उचलून ओतून टाकला तर ते मागणं धुडकावल्यासारखं. नव्याने भरला तर? ते विचारल्यासारखं होईल का? तिने चुलीजवळचं लहान झाकण आणलं आणि कपावर ठेवलं.

"झाकलास?" हम्दा कुंपणावरून म्हणाली. "झाकला म्हणजे काय होतं?"

"मला काय माहीत!"

"मीही कधी ऐकलं नाही. माझ्या आजीला विचारलं असतं, पण ती गेली." हम्दा खरोखरच विचारात पडली आणि मीठ न घेताच निघून गेली.

बोल्ट शेवटी निघाला. जुना डायनामो बाहेर आला, गाभण मेंढीच्या पोटासारखा जड. नवा, म्हणजे भंगारवाल्याकडचा, त्याच्या शेजारी दगडावर ठेवला. अबू मुतलकांनी दोन्हींवरून हात फिरवला आणि ते थांबले. पुन्हा फिरवला.

"उम्म रीम, याची पुली बघ. कशी आहे?"

"गोल आहे."

"गोल असणारच! खाचा किती?"

"जुन्याला एक, खोल. याला बारीक बारीक... पाच, सहा."

"हरामखोर!" ते भंगारवाल्याला म्हणाले, पठारापलीकडे. "आपला पट्टा एका खाचेचा. हा बसणार नाही. पुल्या बदलाव्या लागतील. बावीसचा पाना दे."

तिने पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पुलीच्या नटावर टेकवला, आणि पाना हवेत फिरला. पुन्हा टेकवला. पुन्हा हवेत. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने नट शोधला, अंगठा तिथेच ठेवला आणि पाना अंगठ्यावर आणून आदळला. त्यांच्या तोंडून जे निघालं ते सैन्यातलं होतं.

 फिद्दा दगडासमोर उकिडवी बसली.

"अबू मुतलक, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं."

"माझ्या हातात काय आहे?"

"हात आहे."

"हातात?"

त्यांनी हात पुढे करून चाचपलं. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"दिसतं," ते म्हणाले. "पण ताकातून बघावं तसं. गेल्या ऑलिव्हच्या तोडणीपासून. माणूस येतोय ते कळतं, कोण येतोय ते चालीवरून ओळखतो. घरापासून तुझ्या दारापर्यंत दोनशे अकरा पावलं आहेत."

"मुतलकला सांगितलंत?"

"मुतलकला सांगितलं की तो माझ्या गाडीची चावी काढून घेईल, आणि सूनबाई माझ्या ताटातल्या मांसाचे बारीक तुकडे करून देईल. तोंड बंद ठेव, वल्लाह, तुला सांगतो."

फिद्दाने मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसली नसेल, म्हणून म्हणाली, "बरं."

आणि आता तिला सगळं उमगलं, निदान तसं वाटलं. डोळे जाऊ लागले की माणूस आवराआवर करतो. ज्याचं त्याला देऊन मोकळा होतो. तीन मुलगे आहेत. त्यांना बापाने काय द्यायचं? त्यांचं स्वतःचं घर मुतलकने आधीच घेतलंय. उरलेल्या दोघांना हा हिस्सा. कप त्यासाठीच. लोभासाठी नाही, हक्कासाठी. एवढ्या महिन्यांचा अंधार डोळ्यांत घेऊन हा माणूस दोनशे अकरा पावलं मोजत आला, आणि आधी माझी गाडी दुरुस्त करतोय. लोभी असता तर राग आला असता आणि रागाने बळ आलं असतं. आता रागही नाही, बळही नाही. हातात नुसता बावीसचा पाना.

"मला द्या," ती म्हणाली. "सांगाल तसं करते."

जुन्या पुलीच्या खाचेत सुटलेला पट्टा गुंडाळला, त्याची दोन्ही टोकं एकत्र करून फिद्दाने पायाखाली दाबली. नट सैल करायला लागली तेव्हा अबू मुतलक डायनामो छातीशी घट्ट धरून बसले होते. पान्यावर हातोडीचा एक घाव, दुसरा घाव. तिसऱ्याला नट कुरकुरला. नव्या डायनामोच्या पुलीच्या खाचा उथळ, पट्टा घसरे. तिला शेळीच्या केसांचा दोर गुंडाळला, तंबू ताणायचा, औदाचा. ओढताना तिच्या तोंडात आपोआप घुसळणीचं गाणं आलं, रोज पहाटे ताकाच्या कातडी पिशवीला झोके देताना येतं ते, तिचं स्वतःचं, कोणी न शिकवलेलं:

झुल गं कातडी, झुल गं झुल, पोटात तुझ्या पांढरं फूल,
मागेल त्याला वाटीन ताक, लोणी मात्र पोटात झाक...

ती मध्येच थांबली. झाकून ठेवायची सवय किती जुनी आहे, असं तिच्या मनात आलं.

"थांबलीस का? औदाला आवडायचं ते," अबू मुतलक म्हणाले. "म्हणायचा, माझी बायको गाते तेव्हा लोणी लवकर येतं. मी म्हणायचो, लवकर येतं ते सुटका करून घ्यायला."

नट सुटला. जुनी पुली नव्या डायनामोवर चढली.

दुपार झाली. तिने तुपात टोमॅटो आणि अंडी परतली, पातळ रोट्या भाजल्या, ताट आणून ओसरीवर ठेवलं. अबू मुतलकांनी हात धुतले, वासाच्या दिशेने आले, सतरंजीशी थांबले. पायाने चाचपून कप कुठे आहे ते पाहिलं. झाकणाला बोट लागलं.

"हे काय?"

"झाकण."

"कपावर?"

"माशा येत होत्या."

त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर तोच गोंधळ उमटला जो सकाळपासून तिच्या चेहऱ्यावर होता. "भूक नाही," ते शेवटी म्हणाले, आणि परत गाडीकडे गेले. त्यांच्या पोटातला आवाज तिला ओसरीवरून ऐकू आला.

तिच्या दारात आजवर कोणी उपाशी परत गेलं नव्हतं. फेरीवाला नाही, वाट चुकलेला ट्रकवाला नाही. ताट झाकताना तिला कळेना की एका घरात किती गोष्टी झाकून ठेवायच्या.

डायनामो बसवायला वेळ लागला नाही. खालचा लांब बोल्ट, वरची पट्टी, पट्टा. ते सांगत होते, ती करत होती. कधी त्यांची बोटं तिच्या हातावरून पुढे जात आणि बोल्ट बसला की नाही हे पाहून माघारी येत. "पट्टा अंगठ्याने दाब. बोटभर लवला पाहिजे. जास्त ताणलास तर बेअरिंग ओरडेल, सैल सोडलास तर पट्टा ओरडेल. घट्ट कर. आता?"

"बोटभर."

"प्लग. मागची जाड तार. आता म्हातारीला आण."

तिने काळी तार जोडली. ठिणगी उडाली नाही.

"चावी फिरव. चालू नको करू, नुसती फिरव. मग इकडे ये."

ती आली. त्यांनी तिच्या हातात पाना दिला. "डायनामोच्या मागच्या टोकाशी ने. हळू."

तिने नेला. बोटभर अंतर राहिलं आणि पाना तिच्या हातातून आपणहून पुढे गेला, जाऊन लोखंडाला चिकटला. तिने दचकून ओढून घेतला. पुन्हा नेला. पुन्हा तीच ओढ, गुपचूप, हट्टी, जशी दुधाच्या वेळी कोकराची आईकडे असते.

"ओढतोय!" ती म्हणाली.

"ओढतोय म्हणजे जिवंत आहे. वर्कशॉपमध्ये मीटर चोरीला गेलं होतं तेव्हा असेच तपासायचो आम्ही. चालू कर."

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. काचेखालचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. हेडलाइट लावले तसा कुंपणाच्या सावलीतल्या भिंतीवर दोन लख्ख पांढरे वाटोळे उमटले. ती उतरली. अबू मुतलक बॉनेटवर हात ठेवून उभे होते, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे.

"उजेड कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे. खूप चांगला."

ते हसले. दाढीला ग्रीस लागलं होतं, पोट सकाळपासून रिकामं होतं आणि ते हसत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, आणि ओसरीकडे नाही, फाटकाकडे वळले. निघाले होते. न विचारलेलं मागणं पाठीवर घेऊन, दोनशे अकरा पावलं मोजत, परत.

फिद्दाने एक श्वास घेतला. छातीत तीन खोल्या, टाकं आणि बारा झाडं होती. श्वास सोडला तेव्हा तिथे वाराच वारा होता.

"अबू मुतलक," तिने हाक मारली. "कॉफी प्या. दिलं."

ते थांबले. "विचारत नाहीस काय मागतोय?"

"नाही. दिलं म्हटलं ना."

ते परत आले, सतरंजीवर बसले. झाकण काढलं. गार, कडू, सकाळची कॉफी त्यांनी एका घोटात संपवली आणि कप हलवून, आता पुरे म्हणून, तिच्याकडे दिला. "अल्लाह तुझं घर भरलेलं ठेवो," ते म्हणाले.

'घर' हा शब्द ऐकून फिद्दाने कप दोन्ही हातांत घट्ट धरला. काय बोलायचं ते दिवसभर मनात घोळून तयार झालं होतं. आता एका दमात बाहेर पडलं. "शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी येते कोर्टात. म्हणाल तिथे सही करते. फक्त एवढा हंगाम राहू द्या मला. पाच घरांचं दूध घेतलंय. हंगाम संपला की रीमकडे जाईन. विकायचं ते मग विका."

अबू मुतलकांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. एकदा इकडून, एकदा तिकडून, जणू दुसऱ्या कानाने वेगळं ऐकू येईल.

"कसली सही?"

"हिश्श्याची."

"कसला हिस्सा?"

"घराचा! तुमचा! औदाच्या मागे उरलेला!"

"रविवारी," अबू मुतलक अगदी सावकाश म्हणाले, "करकच्या इस्पितळात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. डॉक्टरने आठ वाजता बोलावलंय आणि घरचं माणूस बरोबर आणायला सांगितलंय. मुलांना सांगितलं तर अख्खी जमात भाताची परात घेऊन इस्पितळात येईल. मला आता स्वतः गाडी चालवता येत नाही. म्हणून तुला सांगायचं होतं. भावाच्या बायकोला, मला ने म्हणून. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या गाड्या चालवल्या, फिद्दा. ते असं उभ्या उभ्या कसं सांगणार? आणि गाडीच बंद, म्हणून आधी गाडी. तुला काय वाटलं, मी डायनामो घेऊन धावत का आलो?"

फिद्दाच्या हातात रिकामा कप होता. तिने त्यात पाहिलं, जणू उत्तर गाळात असेल.

"तू समजलीस मी घर मागतोय," ते म्हणाले.

"हो."

"आणि म्हणालीस, प्या."

"हो."

इंजिन अजून चालूच होतं. ते बंद करायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"किती दिवस हे डोक्यात घेऊन बसली होतीस?"

"औदा गेल्यापासून."

"चार वर्षं?" त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला, आणि मग आणखीच हळू. "माझा आवाज औदासारखा आहे, सगळे म्हणतात. मला वाटायचं, त्याची आठवण येते म्हणून माझ्यापासून लांब बसतेस. म्हणून मीही येत नव्हतो."

 चार वर्षं ती त्यांच्या मागण्याच्या भीतीने आणि ते तिच्या दुःखाच्या काळजीने दूर बसले होते, आणि मागणं कुठलंच नव्हतं. दुःख होतं, पण ते त्यांच्या आवाजाचं नव्हतं. तिने ओढणीने नाक पुसलं.

"पण आता गोष्ट अशी आहे," अबू मुतलक ताठ बसले, वर्कशॉपमधल्या हवालदारासारखे. "कपावर दिलेला शब्द परत घेता येतो का?"

"नाही," ती म्हणाली.

"तू घर दिलंस. मी कॉफी प्यालो. म्हणजे घर माझं झालं."

तिने वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.

"मग माझ्या घरात कोणी राहायचं ते मी ठरवणार. साक्षीदार हवा. हम्दा! कुंपणामागे आहेस ते माहीत आहे. तुझी चाल मला चपलेच्या आवाजावरून कळते."

हम्दाची मान वर आली. या वेळी तिच्या हातात मिठाची वाटीही नव्हती.

"ऐक. या घरात माझा जो काही वाटा असेल तो मी उम्म रीमला दिला. ती आहे तोवर तिचा, तिच्यानंतर रीमचा. डोळ्याची पट्टी निघाली की कोर्टात जाऊन कागदावर लिहून देईन. ऐकलंस?"

"ऐकलं," हम्दा म्हणाली, आणि तिच्या आवाजात स्पष्ट निराशा होती. "एवढंच?"

"एवढंच. आता जा, आणि डोळ्याचं कोणाला सांगशील तर तुझ्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरला मी कधी हात लावणार नाही."

हम्दा खाली गेली. फिद्दा उठली आणि झाकलेलं ताट त्यांच्यासमोर आणलं. अंडी गार झाली होती, तूप थिजलं होतं. ती गरम करायला वळली तर त्यांनी तिचं मनगट धरलं, सोडलं, आणि रोटीचा तुकडा मोडला. ते भराभर जेवत होते, दोन दिवस वाळवंटात चुकलेल्या माणसासारखे. आणि ती बघत बसली होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते सुखाचं की लाजेचं की नुसतं दिवसभरच्या गोंधळाचं, हे तिला ठरवता आलं नाही. ठरवायची गरजही वाटली नाही.

"रविवारी किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

"सातला. आमच्या फाटकाशी गाडी लाव. मी येतो."

"दुधाचे डबेही घ्यावे लागतील. वाटेत उतरवू."

"घे. मला डब्यांजवळ मागे बसवू नकोस म्हणजे झालं." त्यांनी रोटीने ताट पुसलं. "आणि उम्म रीम, हॉर्न वाजवू नकोस. मुतलक हलक्या झोपेचा आहे."